ब्लूजची तार: जाड की बारीक?



गेल्या महिन्यात बडोद्याहून एका मुलाचं पत्र आलं. वय १८. सहा महिन्यांपासून गिटार शिकतोय, ब्लूजचं वेड लागलंय. कुणीतरी त्याला सांगितलं, खरा ब्लूज वाजवायचा तर १३ च्या तारा लाव, ९ आणि १० च्या तारा म्हणजे पोरखेळ. त्यानं लावल्या. आता डाव्या हाताची बोटं सोलली आहेत, मनगट दुखतंय. त्याचा प्रश्न असा: "माझ्या हातात तेवढी ताकदच नसेल, तर ब्लूज सोडून देऊ का?"

हा प्रश्न वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. कारण मी स्वतः सोडून दिला होता. १९८८ साली शिलाँगला कॅप्टन होतो. त्या गावात संध्याकाळी कुठल्याही गल्लीतून गिटार ऐकू येते. मीही एक जुनी गिटार घेतली. एका मित्राकडे स्टीव्ही रे वॉन यांची कॅसेट होती आणि त्याच्याकडूनच कळलं की हा माणूस १३ ची तार लावतो. झालं! मी बाजारातला सगळ्यात जाड संच आणला. फौजी माणूस, बारीक तार लावणं कमीपणाचं वाटलं. तीन आठवड्यांत बोटांना फोड आले, सूर एकही धड लागेना. गिटार काळ्या ट्रंकेत गेली आणि पुढची कित्येक वर्षं बदलीबरोबर गावोगाव फिरत राहिली. निवृत्तीनंतर ती बाहेर काढली, आणि मग या तारांचा इतिहास वाचायला लागलो. तो आधी वाचला असता तर बरं झालं असतं. म्हणून आजचा भाग तारांवर.

ज्यांनी गिटार हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी आधी हिशेब सांगतो. तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. संचाला नाव मिळतं ते सगळ्यात बारीक, म्हणजे पहिल्या तारेवरून. ९ ची तार म्हणजे साधारण ०.२३ मिलीमीटर, १३ ची म्हणजे ०.३३. फरक एका कागदाच्या जाडीएवढा. पण मारॅं मर्सेन या फ्रेंच पंडितानं १६३६ साली तारेचे जे नियम छापले, त्यांप्रमाणे तोच सूर, तीच लांबी ठेवली तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ९ ची तार त्या सुरात आणायला सुमारे ६ किलोचा ताण लागत असेल, तर १३ च्या तारेला साडेबारा किलोच्या आसपास लागतो. कागदाएवढा फरक, आणि बोटावरचं ओझं दुप्पट.

आता इतिहास. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गिटार हे बैठकीच्या खोलीतलं वाद्य होतं. तिला मेंढीच्या आतड्यापासून वळलेली तात असायची. आवाज गोड, पण नाजूक. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या दमट हवेत तात लवकर खराब व्हायची, आणि कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुराला ती वरचेवर बदलणं परवडणारं नव्हतं. पोलादी तार स्वस्त, टिकाऊ आणि मोठ्या आवाजाची. सिअर्स रोबकसारख्या कंपन्यांच्या टपाली कॅटलॉगमधून काही डॉलरमध्ये गिटार खेड्यापाड्यांत पोहोचू लागली आणि तिच्यावर पोलाद चढलं. मार्टिनसारख्या जुन्या नामवंत कंपनीनं खास पोलादी तारांसाठी बांधलेली गिटार नेहमीच्या विक्रीत आणली ती १९२२ साली. गरिबांच्या हातात पोलाद त्याच्या बरंच आधी आलेलं होतं.

काहींकडे तर गिटारही नव्हती. झाडूला बांधलेली तार सोडवायची, घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांत ताणायची, खाली घोडी म्हणून बाटली सारायची आणि दुसऱ्या बाटलीनं घासत वाजवायचं. याला डिडली बो म्हणतात. ब्लूजमधल्या कितीतरी मोठ्या वादकांचं पहिलं वाद्य हेच. तिथं तारेची निवड कसली? झाडूला जी आहे ती.

१९०३ च्या सुमाराची एक नोंद प्रसिद्ध आहे. डब्ल्यू. सी. हँडी हे बँडमास्टर मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहत होते. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून, घसरवत वाजवत होता. हँडी यांनी पुढं आत्मचरित्रात हे लिहून ठेवलं. ही घसरवण्याची पद्धत, म्हणजे स्लाइड, जाड तारेवर चांगली जमते. तार पडद्यावर दाबायचीच नसते, त्यामुळे बोटाला त्रास नाही, आणि जाड तार सुरीच्या किंवा काचेच्या वजनानं खाली बसत नाही. शिवाय स्लाइडवाले बऱ्याचदा काही तारा खाली उतरवून गिटार लावतात. त्यात बारीक तार अगदीच ढिली पडते.

पण घसरवायचं कशासाठी? ब्लूजचा जीव ज्या सुरांत आहे त्यांतला एक कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मधोमध कुठंतरी असतो. आपल्या कानाला हे नवीन नाही, पण गिटारचे पडदे ठोकलेले असतात, मधली जागा त्यांच्यावर नाही. तिथं पोहोचायचे मार्ग दोन. एक, सुरीनं घसरत जा. दुसरा, सितारिया मींड घेताना करतो तसं तार बोटानं आडवी ओढा. आणि ओढायची तर तार ओढवली पाहिजे!

१९२० आणि ३० च्या दशकांत चार्ली पॅटन, सन हाउस, रॉबर्ट जॉन्सन हे लोक गजबजलेल्या नाचाच्या अड्ड्यांवर वाजवत. माइक नाही. आवाज पोहोचायचा तर तार जाड हवी आणि हात जोरकस. १९२७ मध्ये नॅशनल कंपनीची धातूची गिटार आली, तीही आवाज मोठा व्हावा म्हणूनच. तेव्हा जाड तार ही गरज होती, आवड नव्हे.

मग वीज आली. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीचा मळा सोडून शिकागोला गेले. तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साध्या गिटारचा निभाव लागेना, तेव्हा त्यांनी विजेची गिटार धरली. तिकडे टी-बोन वॉकर विजेच्या गिटारवर एकेक सूर गायकासारखा लांबवत होते. आता आवाज मोठा करण्याचं काम अ‍ॅम्प्लिफायर करत होता. म्हणजे जाड तारेची मूळ गरज संपली होती.

तरीही दुकानात संच मिळत ते जाडच. १२, १३ ची पहिली तार, आणि तिसऱ्या तारेवरही वेटोळं गुंडाळलेलं, जी ओढणं म्हणजे दोरखंड ओढणं. फौजेत मी हे पाहिलंय. हत्यार बदलतं, पण कवायत जुन्या हत्याराचीच चालू राहते.

वादकांनी मग स्वतःच तोड काढली. बँजोची बारीक तार विकत घ्यायची, ती पहिल्या जागी लावायची, बाकीच्या तारा एकेक घर खाली सरकवायच्या आणि सहावी फेकून द्यायची. कॅलिफोर्नियातल्या गिटार दुकानाचे मालक एर्नी बॉल यांनी गिऱ्हाइकांची ही धडपड पाहिली आणि १९६२ मध्ये स्लिंकी नावानं बारीक संच बाजारात आणला. पुढं १० ते ४६ आणि ९ ते ४२ हे संच जगभर चालले. तिसरी तारही साधी झाली. साठच्या दशकात विजेच्या गिटारवर लांबलचक ओढलेले सूर जे वाढले, त्यात या तारांचा वाटा मोठा आहे. इंग्लंडमध्ये एरिक क्लॅप्टन बारीक तारा लावत आणि त्या मैफलीत तुटत. ते मंचावरच नवी तार चढवत बसत आणि श्रोते संथ टाळ्या वाजवत थांबत. त्यांचं 'स्लोहँड' हे टोपणनाव त्यातूनच पडलं, असं सांगतात.

मग जाड तारेचा हा दरारा आला कुठून? मुख्यतः टेक्सासच्या एका माणसामुळे. स्टीव्ही रे वॉन यांचा 'टेक्सास फ्लड' हा अल्बम १९८३ मध्ये आला. १३ ची तार आणि तो भरदार आवाज! माझ्यासारख्या हजारोंनी दोन्हींची गाठ बांधली. पण दोन गोष्टी आमच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत. एक, ते गिटार अर्धा स्वर उतरवून लावत, त्यामुळे ताण सुमारे ११ टक्के कमी व्हायचा. दुसरी, बोटांची कातडी फाटली की ते चिकटवायचा गोंद लावून वाजवत. एवढ्या ताकदीच्या माणसालाही किंमत मोजावी लागत होती.

आणि गंमत पाहा. वॉन ज्यांना गुरुस्थानी मानत, ते अल्बर्ट किंग डावखुरे. उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवत. त्यांच्या वरच्या सुरांच्या तारा बारीक आणि गिटार बरीच उतरवून लावलेली. त्या सैल तारा ते खाली ओढत आणि सूर कुठल्या कुठं नेत. बी. बी. किंग यांचंही तसंच. त्यांचे नातलग बुका व्हाइट स्लाइड वाजवत. बी. बी. यांना ते जमेना, म्हणून त्यांनी बोटाच्या थरथरीतून तोच परिणाम काढला. त्यांच्या नावाच्या संचात पहिली तार १० ची आहे. बिली गिबन्स सांगतात की तरुणपणी तेही जाड तारा लावत. बी. बी. किंग यांनी एकदा त्यांची गिटार हातात घेतली, दोन सूर वाजवले आणि विचारलं की एवढी मेहनत कशाला करतोस? गिबन्स तेव्हापासून बारीक तारांकडे वळले. आज ते ७ ची तार लावतात, आणि त्यांच्या आवाजाला कुणी पोरखेळ म्हणत नाही.

तर बडोद्याच्या माझ्या दोस्ता, उत्तर असं. विजेची गिटार असेल तर ९ किंवा १० पासून सुरुवात कर. तारा शुद्ध निकेलच्या वेटोळ्याच्या घेतल्यास तर आवाज जुन्या पठडीचा, जरा मऊ येतो. निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी तारा अधिक चमकदार वाजतात. तिसरी तार साधीच असू दे. पूर्ण एक स्वर ओढून, तो सुरात धरून ठेवता आला आणि नंतर बोट दुखलं नाही, की मग वाटल्यास ११ कडे जा. १३ चा मोह झालाच तर गिटार अर्धा स्वर उतरव. स्लाइड शिकायची असेल तर मात्र जाड तार घे, तिथं ती कामाची आहे. आणि एक लक्षात ठेव, ९ च्या संचाचा गिटारच्या मानेवर एकूण ३८ किलोच्या आसपास ताण असतो, १० च्या संचाचा ४७ च्या आसपास. तारा बदलल्या की मानेचा बाक आणि ब्रिज जाणकाराकडून तपासून घे.

मनगट दुखतंय तोवर वाजवू नकोस, आणि दुखणं गेलं नाही तर डॉक्टरांना दाखव. हे मात्र हुकूम समज.

माझ्या गिटारवर सध्या ९ च्या तारा आहेत. बोटांचे सांधे आता पूर्वीसारखे वळत नाहीत. पण गेल्या दिवाळीत त्या मधल्या गंधाराची जागा पहिल्यांदा नीट सापडली. शिलाँगलाच सापडली असती, जर कुणी मला दुकानात परत पाठवलं असतं. मी तुला पाठवतोय. जा, तारा बदलून आण.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.