पेटीवाला कलावंतच

नरसी नामदेवपासून औंढा नागनाथापर्यंत कुठल्याही गावच्या सप्ताहात जा, पखवाजाशेजारी पेटी असतेच. हिंगोली जिल्ह्यात पेटीवाचून भजन उभं राहत नाही. तरीही जाणकारांच्या बैठकीत एक मत घट्ट बसलेलं आहे: पेटी भजनापुरती ठीक, रागसंगीताला ती चालत नाही; आणि पेटीवाला हा साथीदार, कलावंत नव्हे. पियानो वाजवणाऱ्याला मात्र हीच मंडळी थोर कलावंताचा मान देतात. मला हे मत साफ अमान्य आहे.

पूर्वपक्ष पोकळ नाही. पट्टी दाबली की पितळी सूर ठरलेल्या उंचीवरच बोलतो. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत शिरता येत नाही, म्हणून मींड नाही. शिवाय सप्तकाचे बारा भाग सारखे. सप्तक १२०० सेंटचं धरलं, तर तंबोऱ्याच्या षड्जातून उमटणारा गंधार ३८६ वर येतो, पेटीचा ४०० वर. तयार कानाला हे बोचतं. रवींद्रनाथ टागोरांचाही पेटीला विरोध होता. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं.

पण चौदा सेंटांचा हाच दोष पियानोतही आहे. मींड तिथंही नाही. उलट पियानोचा सूर उमटल्या क्षणापासून विरू लागतो; पेटीचा सूर भाता चालेल तोवर टिकतो, फुलतो, दबतो. मग एकाच दोषासाठी एकाला सिंहासन आणि दुसऱ्याला पायरी, हा कुठला न्याय?

पेटी परदेशी वाद्य, हा आक्षेप तर फारच दुबळा. पॅरिसच्या दबँनं १८४२ मध्ये पेटंट घेतलेलं वाद्य पायानं भाता मारायचं होतं. मांडी घालून वाजवायची हातपेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी घडवली. श्रुतींचा, म्हणजे सुरांमधल्या अशा बारीक फरकांचा, प्रश्नही आपल्याच माणसांनी हाती घेतला. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्यासह श्रुती-हार्मोनियम करवून घेतली, आणि आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. मी मात्र या सुधारणांच्या आधारावर वाद जिंकू इच्छित नाही, कारण मोठे वादक साध्याच पेटीवर मोठे झाले.

त्यांची युक्ती जवळून पाहावी. गायक गंधारावरून षड्जाला मींडेनं उतरतो. पेटीवाला मधल्या ऋषभावर बोट नुसतं टेकवून जातो, गंधार सुटायच्या आत षड्ज धरतो आणि त्याच क्षणी डावा हात भात्याचा जोर काढून घेतो. आवाज दबतो, आणि न वाजलेली मींड ऐकणाऱ्याचा कान पुरी करतो. वाद्याची उणीव अशी झाकता येणं हीच तर कला!

आप्पा जळगावकर (१९२२–२००९) याच वाटेचे. जालन्याकडचा हा माणूस आपल्याच मराठवाड्यातला. जालना काय आणि हिंगोली काय, तेव्हा दोन्ही निजामाच्या राज्यात. धृपद-धमाराचं गाणं शिकलेल्या आप्पांनी पेटी बव्हंशी स्वतःच कमावली. भीमसेन जोशींसारख्यांची साथ त्यांनी केली, तबल्याच्या स्वतंत्र वादनाला नगमा, म्हणजे तालाच्या आवर्तनाची तीच ती सुरावट, धरला. तासभर एकच नगमा तसूभर न हलवता धरून ठेवणं ज्याला सोपं वाटतं, त्यानं एकदा दहा मिनिटं धरून पाहावा. २००० सालच्या संगीत नाटक अकादमी पुरस्कारानं त्यांना कलावंत ठरवलं नाही. ते आधीच होते.

राहिला स्वतंत्र वादनाचा मुद्दा. फ्रान्झ लिस्टनं १८३९–४० च्या सुमारास एकट्यानं मैफल करण्याचा पायंडा पाडला, त्याआधी पियानोवादकही गायक-वादकांच्या गर्दीतच बसत असे. तो मान पियानोच्या पोटातून जन्मला नाही, कोणीतरी मिळवला आणि रसिकांनी दिला. इथंही गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर यांनी पेटी एकटी बोलवून दाखवली. बोरकरांना २०१६ साली पद्मश्रीही मिळाली. वादकांनी आपलं काम केलं. कमी पडलो ते आपण ऐकणारे.

तेव्हा कळमनुरी-वसमत-सेनगावकडच्या सप्ताह समित्यांना माझी विनंती आहे. पत्रिकेत गायनाचार्य आणि मृदंगाचार्यांच्या बरोबरीनं, त्याच ठळक अक्षरात पेटीवादकाचं नाव छापा. आणि एका दुपारी, कीर्तनाला अवकाश असताना, त्याला अर्धा तास एकट्याला वाजवू द्या.