वारसांची शर्यत

* वारसांची शर्यत : ब्रिटिश साम्राज्यात गादीला वारस देण्याची शर्यत खरोखर झाली. राजा तिसऱ्या जॉर्जची नात शार्लट नोव्हेंबर १८१७ मध्ये बाळंतपणात दगावली आणि पुढच्या पिढीत औरस वारस उरला नाही. मग पन्नाशीच्या आगेमागे असलेल्या तिच्या काकांनी १८१८ मध्ये घाईने लग्ने उरकली. त्यांपैकी कर्जात बुडालेल्या ड्यूक ऑफ केंटने, मूल इंग्लंडातच जन्मावे म्हणून, गरोदर पत्नीला जर्मनीतून घोडागाडीने आणले. पोटात गर्भ घेऊन शेकडो मैल खडखडत जाणाऱ्या त्या बाईचे हाल वाचकाने विसरू नयेत. २४ मे १८१९ रोजी त्यांची मुलगी व्हिक्टोरिया जन्मली. १८३७ मध्ये ती राणी झाली. तोवर ब्रिटिश राजाकडेच असलेली जर्मनीतल्या हॅनोव्हरची गादी मात्र, तिथल्या वारसाहक्कात पुरुषांना अग्रक्रम असल्याने, काका अर्न्स्टकडे गेली. — संपा.