अजिंठा-वेरूळचा गिलावा

अजिंठ्याच्या चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हणण्याची रूढी एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. ती केवळ नामकरणाची चूक असती तर तिची उपेक्षा करता आली असती. परंतु चित्राखालचा गिलावा कोणत्या जातीचा आहे, यावरच त्या चित्राच्या जतनाचा मार्ग अवलंबून असतो. इटलीतील खऱ्या फ्रेस्कोत रंग ओल्या चुन्यावर चढविले जातात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीचे रूप घेतो व त्या क्रियेतच रंगकण पृष्ठभागात बांधले जातात. निराळ्या सरसाची आवश्यकता राहत नाही. अजिंठ्याची भिंत अशी नाही. तेथे छिन्नीच्या घावांनी खडबडीत राहिलेल्या पाषाणावर मातीचा गिलावा असून त्यात भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. त्यावर पांढरा, अगदी पातळ थर आणि तो वाळल्यानंतर सरसात कालविलेले रंग. परमशिवन यांच्या १९३० च्या दशकातील रासायनिक परीक्षणांनी ही गोष्ट स्पष्ट केली.

अशा गिलाव्याला पाण्याचे भय असते, तसेच किडीचेही. तूस आणि तंतू यांमुळे माती तडकत नाही. पण तेच किड्यांचे खाद्य ठरतात. या संदर्भात वेरूळचा दाखला उद्बोधक आहे. सिंह व सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सुमारे १० टक्के आढळले. अजिंठ्यास भांग नाही, आणि तेथील निदान चतुर्थांश चित्रांची हानी किडीने झाली. वेरूळला तसा उपद्रव दिसत नाही. हे अनुमान आकर्षक आहे खरे, तथापि भांग हेच एकमेव कारण मानणे घाईचे होईल. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या अरुंद खोऱ्यात आहेत, आणि तेथील दमटपणाचाही विचार करावयास हवा.

निझाम सरकारने इटलीहून बोलाविलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या तज्ज्ञांनी १९२० ते १९२२ या काळात सुटू लागलेला गिलावा भिंतीशी पुन्हा चिकटविला. तो उपकार मोठाच. परंतु त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगणही चढविले. कालांतराने ते पिवळे पडले, धूळ व काजळी धरून बसले, आणि मूळ रंगांची छटा झाकली गेली. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना हे रोगण उतरविण्याचे काम करावे लागले. तेही पाण्याचा वापर कटाक्षाने टाळून, कारण खाली चुना नव्हे, माती होती.