रायतूरचे ग्रंथालय आणि हरवलेले पुराण



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी १९६३ साली दिवाळीच्या सुटीच्या आदल्या दिवशी आम्हां चार मुलांना थांबवून घेतले होते. काम असे, की ग्रंथालयाची कपाटे रिकामी करावयाची, पुस्तके व्हरांड्याच्या सावलीत उघडी मांडावयाची, कसर झटकावयाची, फडताळांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवावयाच्या आणि दाखलनोंदीच्या वहीशी एकेक क्रमांक ताडून पाहावयाचा. वहीत आहे पण कपाटात नाही, असे पुस्तक निघाले की सर काही बोलत नसत. त्या क्रमांकापुढे तांबड्या शाईने एक बारीक खूण करीत आणि पुढचा क्रमांक वाचीत.

पुढे मराठीचा अध्यापक म्हणून फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' शिकविण्याची वेळ आली, तेव्हा त्या तांबड्या खुणेची मला वारंवार आठवण झाली. आजचा विषय त्यातूनच निघाला आहे.

गोव्यातील साष्टी प्रांतात, जुवारी नदीच्या काठी रायतूर नावाचे गाव आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याचे नाव राशोल असे येते. मडगावी १५७४ मध्ये सुरू झालेले जेझुइटांचे विद्यालय पुढे येथे आले. सध्याच्या इमारतीची पायाभरणी १६०६ मधील. येथे धर्मोपदेशक घडत, आणि त्यांना येथल्या लोकांची भाषा शिकणे भाग होते. त्यामुळे या विद्यालयात ग्रंथालयाच्या जोडीला छापखानाही आला. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्सचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये येथेच छापले गेले. दोन खंड, पंचाण्णव अध्याय, सुमारे अकरा हजार ओव्या. त्याचे मराठी व्याकरणाशी झगडणारे अभ्यासकाचे मराठी नव्हे, तर आपल्या संतकवींचे पुराण कानांत मुरलेल्या माणसाचे मराठी आहे.

छपाई मात्र रोमन लिपीत झाली. स्टीफन्सची इच्छा तशी नव्हती. १६०८ सालच्या एका पत्रात त्याने आपल्या वरिष्ठांकडे देशी अक्षरांत छापण्याची परवानगी मागितली होती. जोडाक्षरांमुळे सहाशेपर्यंत ठसे लागतात, पण त्यांची संख्या दोनशेपर्यंत आणता येईल, असा हिशेबही त्याने दिला होता. ते घडले नाही. देवनागरी खिळ्यांत मराठी छापलेली पाने पाहण्यासाठी पुढे १८०५ साल उजाडावे लागले, आणि तेही गोव्यात नव्हे, बंगालमधील श्रीरामपुरात, विल्यम केरीच्या हातून.

ख्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या: १६१६, १६४९ आणि १६५४. आज त्यांपैकी एकाही आवृत्तीची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. ज्या संस्थेने ग्रंथ छापला, जिच्याकडे ग्रंथ सांभाळणारी माणसे होती, दगडी भिंती होत्या, कपाटे होती, तिच्याकडेही नाही. माझ्या मते मराठीच्या इतिहासातील सर्वांत मोठी तांबडी खूण ती हीच.

असे का झाले, याचे उत्तर एका कारणात सापडत नाही. पहिले कारण हवा. आपल्या माळव्यात बसून कोकणच्या पावसाची कल्पना येत नाही. चार महिने भिंतींना ओल असते, पुठ्ठ्याच्या खळीवर बुरशी धरते, आणि त्या खळीसाठी कसर येते. शिवाय युरोपीय लेखक लोहयुक्त शाई वापरीत. ती कालांतराने कागद जाळते, अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक उरते. आपली काजळाची शाई कागदाला असा त्रास देत नाही. (आमच्या आजोळी बासनात बांधलेल्या पोथीची अक्षरे अजून कालची वाटतात, पाने मात्र वाळवीने कडेने कुरतडली आहेत.) पण हवेने सगळा दोष पत्करावा, हे मला पटत नाही. त्याच हवेत त्याच काळातील पोर्तुगीज आणि लॅटिन पुस्तके टिकली.

दुसरे कारण राजसत्तेचे. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारावी, असे फर्मावले. इन्क्विझिशन १५६० पासून होतेच. ज्या भाषेत पाद्र्यांनीच पुराण रचले, तिच्यातील ग्रंथ जवळ असणे संशयास्पद ठरू लागले. पुढे १७५९ मध्ये जेझुइटांनाच पोर्तुगालच्या राज्यातून घालवून देण्यात आले. विद्यालय दुसऱ्या व्यवस्थेखाली चालू राहिले आणि आजही चालू आहे. पण ज्यांना त्या मराठी पुस्तकांचे मोल ठाऊक होते, ते सांभाळणारे हात एका फटक्यात गेले. ग्रंथपाल बदलतो तेव्हा किती पुस्तके अनाथ होतात, हे ज्यांनी ग्रंथालयात काम केले आहे त्यांना सांगावयास नको.

मग ख्रिस्तपुराण आपल्या हाती आले कसे? ते घरोघरच्या नकलांनी आले. गोव्यातील आणि तेथून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते उतरून घेतले आणि वाचले. जोसेफ सालढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला त्याची आवृत्ती काढली, तीही रोमन लिपीत. देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित विल्यम मार्सडेन या विद्वानाच्या संग्रहातून लंडनला जाऊन पोहोचले होते आणि ते आज तेथील प्राच्यविद्या विद्यालयात आहे. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्याहून निघाली, तेव्हा छापील मराठी अक्षरांत हे पुराण महाराष्ट्रातील सामान्य वाचकाच्या हाती पडले. पहिल्या छपाईनंतर तीनशे चाळीस वर्षांनी!

याच गोष्टीची उलटी बाजूही आहे, आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली. त्या उच्छेदात हिंदूंच्या पोथ्याही गेल्या. परंतु पाद्र्यांना लोकांची भाषा शिकावयाची होती, त्यांच्या कथांचे खंडनही करावयाचे होते. म्हणून त्यांनी रामायण-महाभारतातील कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. ही हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात सापडली. सोळाव्या शतकातील कोकणी आणि मराठी गद्य कसे होते, हे पाहावयाचे असेल तर आज त्यांच्याकडेच जावे लागते. ज्यांनी मूळ पोथ्या नाहीशा केल्या, त्यांच्याच कपाटात तिच्या नकला जपल्या गेल्या. याबद्दल कृतज्ञ राहावे की रागावावे, याचा निर्णय मी इतक्या वर्षांत करू शकलो नाही. विद्यार्थ्यांनी विचारले, तेव्हाही मी तो टाळला.

रायतूरचे ग्रंथालय आज जुन्या ग्रंथांसाठी ओळखले जाते. १९९४ मध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय प्रथम रायतूरलाच उघडले आणि २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात गेले. म्हणजे जपण्याची जाणीव तेथे आहे. उशिरा आली, पण आली. आपल्याकडे ती कितपत आहे? शाळा-शाळांतील मराठी पुस्तकांची कपाटे बंद आहेत, हे मी स्वतः पाहिले आहे. एका संस्थेत तर विचारल्यावर किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला सांगता आले नाही. त्या संस्थेचे नाव घेत नाही. कुलपाच्या आत वाळवी मात्र बिनकिल्लीची जात असते.

आता एक कबुली. काल या कार्यक्रमासाठी आलो तेव्हा ग्रंथालयात सरांची ती वही पाहावयास मिळाली. तांबड्या खुणा अजून स्पष्ट आहेत. त्यांतील एका खुणेसमोर मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आहे. ती प्रत १९६५ साली मी घरी नेली आणि परत केली नाही. माझ्या अध्यापनाची सगळी वर्षे ती माझ्या टेबलावर होती. दोनदा तिची बांधणी करून घेतली, समासांत पेन्सिलीने टिपणे केली. ती मी आज बरोबर आणली आहे. ग्रंथपालांनी क्रमांक ताडून पाहावा आणि ती जमा करून घ्यावी. दंड काय होतो, तोही सांगावा.