ध्वजवाहकाची कुळकथा

ऑलिम्पिकच्या संचलनात खेळाडूने देशाचा ध्वज घेऊन पथकापुढे चालायची रीत १९०६ साली अथेन्सला सुरू झाली. १९०८मध्ये लंडनला प्रवेशिका राष्ट्रीय समित्यांमार्फतच घ्यायचे ठरले आणि ती पक्की झाली. रीत युरोपची खरी. पण आपल्याकडे ध्वज हाती धरण्याला जो मान आहे, तो स्टेडियममध्ये कमावलेला नाही. १९२३च्या झेंडा सत्याग्रहात नागपूरच्या सिव्हिल लाइन्सकडे झेंडा घेऊन निघणाऱ्याच्या वाट्याला अटक येई. १९३६च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ध्यानचंद यांच्या हाती ब्रिटिश हिंदुस्थानचा ध्वज होता. १५ ऑगस्टला हॉकीच्या अंतिम सामन्याआधी साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसचा तिरंगा काढला. खेळाडूंनी त्याला वंदन केले आणि जर्मनीला ८-१ने हरवले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आमच्या चोपड्याला लागून असलेल्या यावल तालुक्यात, फैजपूरला, काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांनी बांबूंनी सजवलेल्या त्या नगरीत चरख्याचा तोच तिरंगा उघड्या आभाळाखाली फडकला. बर्लिनला जो बंद दाराआड वंदावा लागला, तो खानदेशात शेतकऱ्यांसमोर उभा होता. म्हणूनच १९४८मध्ये वेम्ब्लीच्या मैदानात तालिमेरेन आओ यांनी अशोकचक्राचा तिरंगा धरला, तेव्हा मागे पाव शतकाची किंमत मोजलेली होती.

यावर आक्षेप येतो की, ऑलिम्पिकची सनदच स्पर्धा खेळाडूंमध्ये असते, देशांमध्ये नव्हे, असे सांगते. मग हा देशाभिमान कशाला? शिवाय बर्लिनमध्येच ध्वजांचा उन्माद जगाने पाहिला. आक्षेप वजनदार आहे. पण उन्माद दुसऱ्याचा ध्वज खाली खेचू पाहतो. संचलनात प्रत्येक देशाला, मग तो केवढाही असो, एकसारखी जागा मिळते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: हा मान स्पर्धेआधीच दिला जातो. ते जिंकल्याचे बक्षीस नव्हे, सोबत्यांच्या वतीने सोपवलेला विश्वास आहे. तो विश्वास कोणावर टाकायचा, याची कक्षाही रुंदावत गेली. १९९२मध्ये बार्सिलोनाला शायनी विल्सन ऑलिम्पिकमध्ये तिरंगा धरणारी पहिली भारतीय महिला ठरली. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सुमित अंतिलसोबत तो नांदेडची गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव हिच्या हाती आला. ज्या झेंड्यासाठी सामान्य माणसे तुरुंगात गेली, तो केवळ नामवंतांचा राहू नये, हीच त्या परंपरेची खरी मागणी आहे. निवड करणाऱ्यांनी पदकांच्या यादीआधी ती आठवावी.