बंदुकीचा सुटा भाग

बैलगाडीचं चाक मोडलं की गावचा सुतार त्याच गाडीच्या मापानं नवं करून देई. ते शेजाऱ्याच्या गाडीला बसेलच असं नाही. जुन्या बंदुकांची गत हीच होती, बरं का! कळ तुटली की कारागीर कानस घेऊन बसे आणि शिपाई नुसता खोळंबून राही.

१७८५ साली फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां या कारागिरानं पन्नास कळींचे सुटे भाग खणाखणांतून मांडून ठेवले. अमेरिकेचे वकील जेफरसन यांनी हाताला येतील ते भाग उचलून कळी जुळवल्या. त्या अचूक बसल्या. जुन्या कारागिरांना हे रुचलं नाही. रुचावं तरी कसं? त्यांचं पोट कानशीवर होतं.

१८९५ साली ली-एनफील्ड रायफल आली. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली थ्री-नॉट-थ्री, ती याच घराण्यातली. पुढं बंगालमधल्या ईशापूरलाही ती बनू लागली. भाग सारे यंत्रावरचे. पण बोल्ट मात्र ज्याचा त्यालाच! बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांत फट वाढली, तर पितळी काडतूस फाटून तापलेला वायू उलटा नेमबाजाच्या तोंडावर येतो. म्हणून 'नंबर चार' या नमुन्यात बोल्टचं डोकं ० ते ३ अशा चार मापांत येई आणि पलटणीचा मिस्त्री गेज लावून योग्य ते बसवी. घरच्या लेथवर अंदाजानं कातलेल्या तुकड्याचं हे काम नव्हे.

गुरुजी, संग्रहालयात मुलांना ही रायफल दाखवाल तेव्हा बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी पाहा. तिथं कोरलेला आकडा रायफलीच्या अंगावरही सापडेल.