साष्टींतील हरवलेला लोहमार्ग

कुर्ल्याहून कालिन्याकडे जाणाऱ्या रस्त्यास लोक 'सी. एस. टी. रस्ता' म्हणतात. हीं अक्षरें बोरीबंदरच्या भव्य स्थानकाच्या नांवावरून आलीं असावींत, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः तीं 'सेंट्रल सालसेट ट्रॅमवे' या नांवाचीं आद्याक्षरें होत. एका लुप्त झालेल्या लोहमार्गाची आठवण त्यांत शिल्लक राहिली आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. १८६४ सालीं पश्चिमेकडील मार्गही मुंबईस येऊन मिळाला. एक मार्ग साष्टी बेटाच्या पूर्वेकडून, तर दुसरा पश्चिमेकडून उत्तरेस जाई. त्यांच्यामध्यें मात्र शेतें, खाजणें आणि तुरळक गांवें पसरलेलीं होतीं. हें अंतर १९२८ सालीं सांधलें गेलें. ट्राँबेहून कुर्ल्यावरून अंधेरीस जाणारा सुमारें १३ किलोमीटरांचा लोहमार्ग त्या वर्षीं सुरू झाला. जी. आय. पी. रेल्वे त्यावर गाड्या चालवी.

परंतु अवघ्या सहा वर्षांत, १९३४ सालीं, तो बंद पडला. त्याची कांहीं जमीन सांताक्रूझच्या विमानतळांत गेली, कांहींवर रस्ता झाला. पुढें उपनगरें वाढलीं, गिरण्या व कारखाने आले, वस्ती दाटली. अंधेरी व घाटकोपर यांस सरळ जोडणारा रूळमार्ग मात्र नव्हता. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हां मध्यें ऐंशी वर्षें लोटलीं होतीं. मोकळी भूमि उरली नसल्यामुळें हा ११.४ किलोमीटरांचा मार्ग रस्त्यांच्या डोक्यावरून, खांबांच्या आधारानें न्यावा लागला. अंधेरीस तर जुन्या रुळांवरून पूल बांधावा लागला.

अमेरिकेंत हडसन नदीवर पोकीप्सी येथें १८८९ सालीं बांधलेला रेल्वेपूल १९७४ च्या आगीनंतर ओसाड पडला होता. तो पाडला गेला नाहीं. २००९ सालीं तो पादचाऱ्यांस खुला झाला, आणि जेथून मालगाड्या जात तेथून आतां आबालवृद्ध नदीची शोभा पाहत फिरतात. त्याच वर्षीं न्यूयॉर्क शहरांतील उंच मालवाहू मार्गाच्या पहिल्या भागावर फिरावयाची बाग खुली झाली. त्या मार्गावरून शेवटची गाडी १९८० सालीं गेली होती.

या दोन्ही ठिकाणीं गाड्या थांबल्या, पण वाट अखंड राहिली. म्हणून पुढच्या पिढीस तिचा नवा उपयोग सुचला. साष्टींतील वाट तुकड्यातुकड्यांनीं वाटली गेली. रूळ पुन्हां घालतां येतात, पूलही पुन्हां उभारतां येतो. पण दाट वस्तींतून जाणारी सलग जमिनीची पट्टी एकदां मोडली कीं सहसा परत मिळत नाहीं. कुर्ल्याच्या त्या रस्त्यावरील तीन अक्षरें हेंच सांगत आहेत.